ठाण्यातली उत्तरमुखी बाल्कनी आणि रुसलेली भेंडी: थंडीचा दोष किती, अंधाराचा किती

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला बरोबर कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर घर, बाल्कनी उत्तरेला. दिवाळी झाल्यावर भेंडी, सिमला मिरची आणि दुधी लावलात. आता जानेवारी अर्धा सरला. भेंडी वीतभर होऊन थबकली आहे आणि तिचा दांडा सुतळीसारखा आहे. मिरचीला कळ्या येतात नि गळतात. दुधीला फुलं आली, पण सगळी नर. थंड देशांतली माणसं याच भाज्या कशा पिकवतात याचे व्हिडिओ पाहून तुम्ही प्लास्टिकचं छोटं हरितगृह आणि काळा आच्छादन-कागद मागवायच्या बेतात आहात, आणि ठाण्याच्या थंडीत त्याचा उपयोग होईल का, असं विचारताय.

मागवू नका. निदान माझं पुढचं वाचून होईपर्यंत तरी नको.

तुमच्या भेंडीच्या दुखण्यात थंडीचा वाटा फार तर चार आणे आहे. बारा आणे दोष अंधाराचा. हा घोळ तुमचा एकट्याचा नाही, आपल्या भाषेनेच तो करून ठेवलाय. ऊन म्हणजे सूर्याचा प्रकाश, आणि ऊन म्हणजे गरमही. आपण ऊन-ऊन भात वाढतो, ऊन पाण्याने अंघोळ करतो. त्यामुळे ‘भेंडीला ऊन लागतं’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यात दोन वेगळ्या मागण्या आहेत हे लक्षात येत नाही. मुळांना ऊब हवी आणि पानांना थेट प्रकाश हवा. शेतात या दोन गोष्टी एकाच सूर्यातून एकत्र येतात. बाल्कनीत त्यांची फारकत होते.

मला हे कळलं ते ठाण्यात नाही, इंग्लंडमधल्या लीड्समध्ये. लेक तिथे असते. दोन उन्हाळे मी तिच्याकडे काढले. तिच्याकडे नगरपालिकेकडून भाड्याने मिळालेला जमिनीचा तुकडा होता आणि मी इथे वीस वर्षं गच्चीवर भाज्या केलेल्या, त्यामुळे मोठ्या ऐटीत पहिल्याच वर्षी जूनमध्ये भेंडीचं बी उघड्यावर टोकलं. तिथे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, दिवस जवळजवळ सतरा तासांचा. एवढा प्रकाश आपल्या भेंडीने जन्मात पाहिलेला नसतो. पण रात्री पारा दहा-अकरावर. अर्धं बी मातीत कुजलं. उरलेली रोपं चार बोटं वाढली आणि जुलै संपेपर्यंत तेवढीच राहिली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या वाफ्यावरच्या एका आजोबांनी शिकवलं तसं केलं. बी घरात, गरम जागी रुजवलं. मेअखेर रात्री दंव गोठायची भीती गेल्यावर रोपं काचघरात नेली. मातीवर काळा कागद अंथरला आणि पाण्याने भरलेले काळे डबे कुंड्यांच्या मध्ये ठेवले. दिवसा तापलेलं पाणी रात्री हळूहळू ऊब सोडतं. एवढं सगळं करून अकरा भेंड्या मिळाल्या. मोजून अकरा. लेकीने त्यांचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

तिथली सगळी खटपट ऊब मिळवण्याची होती, कारण उजेड फुकट होता. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ खोटे नाहीत, पण ते त्या माणसांच्या अडचणीवरचे आहेत. तुमची अडचण बरोबर उलटी आहे.

आता ठाण्याचे आकडे बघू. जानेवारीत पहाटे पारा १६ ते १८ च्या घरात असतो, एखाद्या वर्षी आणखी दोन अंश खाली जातो. दुपारी मात्र ३० च्या आसपास. भेंडीच्या बियाला रुजायला माती निदान २० अंशांच्या वर हवी, पंचविशीच्या पुढे असेल तर उत्तम. सतराच्या खाली बी नुसतं पडून राहतं. माझ्या बाल्कनीत मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर कुंडीत खुपसून पाहिलाय. जानेवारीत सकाळी सात वाजता माती १९, दुपारी तीनला २३. म्हणजे भेंडी खूश नाही, पण मरणारही नाही. कूर्मगतीने का होईना, वाढायला हवी. तुमची वाढली ती थोडीच, पण लांबट आणि बारीक. थंडीने अडलेलं रोप बुटकं राहतं, पानं जाड आणि फिकट होतात, कधी जांभळट झाक येते. उजेडाला हपापलेलं रोप मान लांब करतं; दोन पानांमधलं अंतर वाढतं, दांडा लवतो. सुतळीसारखा दांडा हे अंधाराचं लक्षण आहे. (बदलापूर-कर्जतकडे पारा याहून बराच खाली जातो. तिकडचं कोणी हे वाचत असेल तर चार आण्यांचे सहा-सात आणे करून घ्या.)

आता उत्तरमुखी म्हणजे नक्की काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर आहे. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २३ सप्टेंबरपासून २१ मार्चपर्यंत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो, दिवसभर दक्षिणेकडून जातो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो. २२ डिसेंबरला तर भर दुपारी तो दक्षिणेच्या आकाशात जेमतेम ४७ अंश वर असतो. म्हणजे हे सहा महिने तुमच्या बाल्कनीत थेट उन्हाची एक तिरीपही येत नाही. येते ती समोरच्या इमारतीवरून परतलेली आणि आकाशाची. तुम्ही नेमकी याच काळाच्या पोटात लागवड केलीत.

आता दुसरी बाजू, जी उत्तरमुखी घरवाल्यांना कोणी सांगत नाही. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवायला लागतो. मेच्या मध्यावर आपल्याकडे तो थेट डोक्यावर येतो, त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो भर दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेला असतो. गणित मांडलं तर २१ एप्रिलला तुमच्या भिंतीच्या बाजूला सूर्य सकाळी साधारण २ तास ४५ मिनिटं आणि संध्याकाळी तेवढाच वेळ असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही वेळा चार-चार तासांवर जातो. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात किरणं भिंतीला घासून तिरपी येतात, बाजूची भिंत आडवी येते, वरच्या मजल्याचा स्लॅब उंच चढलेला सूर्य अडवतो. घोडबंदर रोडला संध्याकाळचा शेवटचा घास येऊरचा डोंगर खातो, ते वेगळंच. माझ्याकडे एप्रिलअखेर सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पावणेपाच ते सहा असं ऊन मिळतं. भेंडीला हवं त्यापेक्षा ते कमी आहे, पण काम भागतं.

आणि मग जूनचा दुसरा आठवडा येतो. सूर्य उत्तरेला असतो खरा, पण ढगांच्या वर.

थोडक्यात, उत्तरमुखी बाल्कनीचा उन्हाळा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून पाऊस लागेपर्यंतचा. नऊ-दहा आठवडे. लीड्सच्या लोकांनाही उबेचे एवढेच, फार तर थोडे जास्त आठवडे मिळतात, आणि त्यांची सगळी हुशारी त्या आठवड्यांत रोप तयार अवस्थेत हजर ठेवण्यात असते. त्यांच्याकडून आपण घ्यायची गोष्ट ती. प्लास्टिक त्यांच्याकडेच राहू दे. आपल्याकडे प्लास्टिकचं हरितगृह आधीच कमी असलेला उजेड आणखी खाईल, आत दमटपणा साठेल, आणि पंधरा दिवसांत पानांवर बुरशी दिसेल. एकाने हट्टाने लावलं होतं. मार्चमध्ये त्यात कपडे वाळत होते.

हे सगळं तुमच्याकडे किती लागू, ते काही गोष्टींवर ठरेल आणि त्या मला इथून दिसत नाहीत. बाल्कनी खरोखर उत्तरेला आहे की बिल्डरच्या कागदावर उत्तरेला आहे? मोबाइलच्या होकायंत्राने बघा. वीस अंश पूर्वेला झुकलेली असेल तर सकाळचं ऊन फेब्रुवारीतच येईल आणि माझ्या तारखा तुम्हाला अलीकडे ओढाव्या लागतील. समोर काय आहे? पांढरी किंवा काचेची उंच इमारत अंगावर उजेड फेकते, ती शत्रू नाही. समोर खाडीचं मोकळं आकाश असेल तर आणखी चांगलं. कठडा भरीव भिंतीचा आहे की काचेचा? स्लॅब किती पुढे आलाय? सरकत्या काचा बसवल्या असतील आणि त्या रंगीत असतील तर त्या उघड्या ठेवल्याशिवाय काही होणार नाही.

एक सोपी तपासणी सांगते. दुपारी बारा वाजता कुंडीच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. सावलीची कड सुरीसारखी स्पष्ट दिसली तर थेट ऊन. बोटं ओळखू येतात पण कडा पुसट, तर पालेभाजीपुरता उजेड. सावलीच दिसत नसेल तर तिथे मनीप्लांट. दर महिन्याच्या २१ तारखेला हे सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाचला करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. वर्षभरात तुमच्या बाल्कनीचं स्वतःचं पंचांग तयार होतं, आणि ते माझ्या सल्ल्याहून जास्त खरं असेल.

आता भेंडी. हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण उत्तरेला नीट जमू शकणारी उष्ण भाजी तीच. जी रोपं आहेत ती उपटा. जीव तुटतो, माहीत आहे. पण हडकुळा दांडा एप्रिलमध्ये ऊन आल्यावरही सुधारत नाही, आडवा होतो. तीच माती मोकळी करून उन्हाच्या खिडकीत पसरा, वाळू द्या.

बी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरात रुजवायचं. रुजायला ऊब लागते, उजेड नाही. इथे या दोन मागण्या वेगळ्या असण्याचा फायदा घ्या. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलेलं बी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा फ्रिजच्या वर, मागच्या बाजूला किंवा सेट-टॉप बॉक्सशेजारी ठेवा. मटकीला मोड आणायची सवय असलेल्या घरात हे वेगळं शिकवावं लागत नाही. दोन-तीन दिवसांत पांढरं टोक दिसलं की लगेच वर्तमानपत्राच्या पेल्यात एकेक बी लावायचं. पेला कागदाचाच हवा. भेंडीचं सोटमूळ एकदा दुखावलं की ती महिनाभर रुसते; कागदासकट कुंडीत गेलं की तिला कळतही नाही.

पुढचे तीन आठवडे रोपांना उजेड द्यायचाय आणि बाल्कनीत तो नाही. इथे मी वीस वॉटची साधी पांढरी एलईडी पट्टी वापरते. रोपांच्या शेंड्यापासून वीतभर वर टांगायची, दिवसाला चौदा तास. तीन आठवड्यांची वीज सहा युनिटसुद्धा होत नाही. लोक विचारतात की मग याच दिव्याखाली भेंडीच का घेऊ नये? कारण रोपाला पुरणारा उजेड फळाला पुरत नाही. भेंडी लागेल एवढा दिवा लावायचा तर वीजबिलाच्या पैशात जांभळी नाक्याच्या बाजारातून वर्षभराची भेंडी येईल.

गुढीपाडव्याच्या सुमारास रोपं कुंडीत. कुंडी निदान बारा इंच खोल, एका कुंडीत एकच रोप. मोह होतो दोन लावायचा, मीही लावलीत, आणि दोघींनी मिळून एकीएवढीच भेंडी दिली. मातीत एक भाग बागेची माती, एक भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत जास्त नको. कमी उजेडात जास्त खत मिळालं की रोप माजतं. पानं थाळीएवढी आणि फूल नाही. वाणांमध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती किंवा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का अनामिका घ्या. दोन्ही हळद्या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, आणि एकदा पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की औषध नाही, रोप काढून टाकायचं. पांढरी माशी अकराव्या मजल्यावर येत नाही असं समजू नका, ती शेजारच्यांच्या जास्वंदीवरून येते.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट: कुंड्या उचला. तीन-सव्वातीन फूट भरीव कठडा असेल तर जमिनीवरची कुंडी त्याच्या सावलीत असते, आणि आपल्याला मिळणारं ऊन सकाळ-संध्याकाळचं, म्हणजे बुटकं. कुंडीची कड कठड्याच्या कडेइतकी वर आणा. लोखंडी स्टँड, जुना भक्कम स्टूल, विटांचा चौथरा, काहीही. एवढ्यानेच माझ्याकडे फरक पडला होता. मात्र कुंडी कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर ठेवू नका. वीस लिटरची भिजलेली कुंडी वीस-पंचवीस किलोची होते आणि खाली माणसं चालतात. घरात लहान मूल असेल तर स्टूल कठड्यापासून लांब ठेवा. भेंडी गेली तरी चालेल, मुलाला पायरी करून देऊ नका. आणि बाल्कनीची आतली भिंत पांढरीशुभ्र रंगवा. सोसायटी बाहेरच्या रंगावर भांडते, आतल्यावर नाही. रस्त्याची धूळ पानांवर साचते ती आठवड्यातून एकदा पुसा किंवा धुवा, उजेड अडवणारा तो आणखी एक पडदा असतो.

पेल्यात लावल्यापासून साधारण पन्नास दिवसांत पहिली भेंडी. फूल एकच दिवस टिकतं, आणि भेंडीला माशी-फुलपाखराची वाट पाहावी लागत नाही, तिचं परागीकरण तिच्याच फुलात होतं. उंच मजल्यावर हा फार मोठा आधार. फूल पडल्यावर पाच-सहा दिवसांत खुडा. एक दिवस विसरलात तर दोर होतो. सहा कुंड्यांतून आठवड्याला एक वेळची भाजी, दोन माणसांची, असा माझा हिशेब आहे. त्याहून जास्त कोणी सांगितलं तर त्यांची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते विचारा.

‘पण कोकणात तर भेंडी पावसातच लावतात, मग ढगांचं एवढं काय?’ हा प्रश्न मला दर वर्षी येतो. शेतातल्या रोपाला ढगाळ दिवशीही अख्ख्या आकाशाचा उजेड मिळतो, चारी बाजूंनी. बाल्कनीतल्या रोपाला आकाशाचा अर्ध्याहून कमी तुकडा दिसतो. म्हणून शेतात जुलै चालतो, आपल्याकडे नाही.

मिरची. सिमला मिरचीचा नाद सोडा. तिला उष्ण भाज्यांच्या रांगेत बसवतात, पण ती मूळची सौम्य हवेची. रात्री १६ ते २० मध्ये ती सुखी असते. म्हणजे ठाण्यात तिचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बरोबर तुमच्या अंधाराचा काळ. आणि तुमच्याकडे ऊन येतं तेव्हा मे महिना, रात्री २७ च्या, फुलं गळणारच. तिची आणि तुमच्या घराची पत्रिका जुळत नाही. ज्वाला किंवा लवंगी लावा. लहान फळांच्या मिरच्या कमी उन्हात तग धरतात. शिवाय मिरचीचं झाड दोन-तीन वर्षं जगतं, ही गोष्ट बाल्कनीवाल्यांच्या फार कामाची. पावसाळा आणि थंडी त्याने नुसती काढायची, आपण फळाची अपेक्षा ठेवायची नाही. फेब्रुवारीअखेर वरून तिसरा हिस्सा छाटायचा, वरची माती खरवडून गांडूळखत घालायचं. एप्रिलमध्ये तयार मुळांवर नवीन फांद्या येतात आणि दहा आठवड्यांतला एकही आठवडा वाया जात नाही. पानं वाटीसारखी वळायला लागली तर तो चुरडा-मुरडा, रस शोषणाऱ्या बारीक किडींमुळे होणारा रोग. पानाची मागची बाजू बघा, निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करा आणि फार वळलेले शेंडे खुडून टाका.

दुधीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. सुरुवातीची फुलं नर येणं स्वाभाविक आहे, मादी फुलं नंतर येतात. पण दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी, आणि अकराव्या मजल्यावर ते क्वचित येतात. हाताने परागीकरण करावं लागेल. त्यात तिला दिवसाला सहा तास ऊन आणि भिंतभर जागा हवी. उत्तरेला नाही. वेलच हवा असेल तर मायाळू लावा. तीही उष्ण हवेचीच, पण अर्धवट सावलीत खुशाल वाढते, पावसात तर धावते. कांडी खोचली तरी लागते. भजी, डाळ, दोन्ही होतात. आणि ऑक्टोबर ते मार्च त्याच बाल्कनीत अळू, पुदिना, ओवा, गवती चहा ठेवा.

पाण्याचं एक राहिलं, आणि तुमच्या मिरचीच्या कळ्या गळण्यामागे मला त्याचाच संशय जास्त आहे. तुम्ही रोज सकाळी पाणी घालता असं लिहिलंय. जानेवारीत, सावलीत, कुंडी चार-चार दिवस ओली राहते. त्यात सकाळचं गच्चीच्या टाकीतलं गार पाणी. मुळं गार आणि गुदमरलेली. वर रोप सुकल्यासारखं दिसतं म्हणून आपण आणखी पाणी घालतो. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच घाला, तेही दुपारी, बादलीत आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. एप्रिल-मेमध्ये हेच उलटं होतं. खाडीकडून वारा सुटला की उंचावरची कुंडी संध्याकाळपर्यंत भुगा होते, तेव्हा सकाळी आणि हवं तर संध्याकाळीही. त्या वेळी मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटं थर द्या. काळा कागद तेव्हा तर मुळीच नको, मे महिन्यात मुळं शिजतील.

आणखी एक उपाय आहे, तो बागकामाच्या कुठल्या व्हिडिओत दिसणार नाही. आमची नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा माझी गच्ची गेली, आणि नव्या घरात वाट्याला उत्तर आली. चौदाव्या मजल्यावर पहिली थंडी मी तुमच्यासारखीच हात चोळत काढली. समोरच्या दाराच्या वहिनींची बाल्कनी दक्षिणेला. तिथे थंडीत ऊन पार बैठकीच्या खोलीपर्यंत येतं, आणि उन्हाळ्यात स्लॅबच्या सावलीमुळे काही येत नाही. म्हणजे माझ्या नेमकं उलट. आता माझ्या वांग्याच्या आणि टोमॅटोच्या कुंड्या घटस्थापनेच्या सुमारास त्यांच्याकडे माहेरपणाला जातात आणि गुढीपाडव्याला परत येतात; येताना त्यांची मोगऱ्याची कुंडी पाठराखीण म्हणून माझ्याकडे येते. पाणी ज्याच्या घरी कुंडी त्याने घालायचं, भाजी निम्मी-निम्मी. सहा वर्षं चाललंय. वांग्यांवरून एकदाच वाजलं, तेही भरताला कोणाची घ्यायची यावरून. तुमच्याही मजल्यावर दक्षिणेचं एखादं दार असेलच. सिमला मिरचीची ती कुंडी उपटू नका, एक बेल वाजवून बघा. मार्च उजाडेपर्यंत तिला अजून सहा आठवडे हवा मानवणारी आहे आणि त्या दारामागे ऊनही आहे.

मागवायचंच असेल काही, तर एक पांढरी एलईडी पट्टी, भक्कम स्टँड आणि परभणी क्रांतीची पुडी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या सकाळी सातला बाल्कनीत उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताच्या कठड्याच्या कोपऱ्यावर उन्हाचा बोटभर पट्टा दिसेल, दर दिवशी थोडा रुंद होत जाईल. तो पहिल्यांदा दिसला ती तारीख आणि समोरची इमारत किती मजल्यांची आहे ते मला कळवा. मग भेंडीच्या कुंड्या त्या कोपऱ्यात ठेवायच्या की डावीकडे, ते नेमकं सांगता येईल.